नळाला क्लोरीनचा वास येतोय म्हणून घाबरू नका, वास येत नाही तेव्हा विचारा

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढलंय) :

कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका लहान शहरातून एका ताईंनी लिहिलंय. एकत्र कुटुंब, घरात सासू-सासरे, नवरा, दोन मुलं, दीर आणि पाच महिन्यांची गरोदर धाकटी जाऊ. नळाला दिवसाआड सकाळी पाऊण तास पाणी येतं. गेल्या महिन्यात दोन-तीनदा सुरुवातीला पिवळट पाणी आलं, कधी औषधाचा उग्र वास येतो तर कधी काहीच वास नसतो. पंधरा दिवसांत गल्लीत दोघांना कावीळ झाली. मध्ये एक फिल्टर विकणारा मुलगा घरी आला, त्याने दोन सळ्यांचं मशीन नळाच्या पाण्यात घातलं आणि दोन मिनिटांत पाणी तपकिरी काळं झालं, तेव्हापासून सासूबाई नळाच्या पाण्यात वरण पण शिजवू देत नाहीत. सासरे म्हणतात जन्म गेला हेच पाणी पिऊन, काही होत नाही. पुण्याचे नणंदेचे मिस्टर म्हणतात ताबडतोब आरओ बसवा. सध्या रोज ३० रुपयांचा थंड पाण्याचा जार येतो. तक्रार करावी तर वॉर्डाचे नगरसेवक ताईंचे मामेदीर आहेत, नात्यात कडवटपणा नको. आणि पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं, "घरातले सगळे जारचं पितो आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना नळाचं देतो, त्यांनी कधी काही म्हटलं नाही पण मला ते बघवत नाही."

ताई,

आज करायचंय ते आधी सांगते, बाकीचं मग सावकाश बोलू. गल्लीत दोघांना कावीळ आणि घरात गरोदर बाई, एवढ्यावर मला कुठल्या रिपोर्टची वाट बघावीशी वाटत नाही. आज रात्रीपासून घरात प्यायचं सगळं पाणी उकळून, जारचं सुद्धा. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरतं, मनाच्या समाधानासाठी दोन-तीन मिनिटं ठेवा, पण वीस मिनिटं उकळायची गरज नाही, उगाच गॅस जातो आणि मग चार दिवसांनी कंटाळून सगळंच बंद होतं. गार झाल्यावर त्याच भांड्यात झाकून ठेवायचं, हात किंवा तांब्या बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं घ्या किंवा तोटीचं पिंप. जाऊबाईंनी दात घासायला, औषधाची गोळी घ्यायला पण तेच पाणी वापरायचं, कोशिंबिरीची काकडी-टोमॅटो त्याच पाण्याने धुवायची, आणि बाहेरचा बर्फ, उसाचा रस, पाणीपुरी सध्या बंद. त्यांना उलटी-मळमळ वाढली, लघवी गडद पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारा माणूस आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात असतो आणि त्याच्यावर लोकांचा विश्वास असतो, पण गरोदर बाईला त्याच्याकडे अजिबात नेऊ नका.

हे इतकं ताणून सांगतेय कारण पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेकदा हिपॅटायटिस ए किंवा ई असते. ई प्रकारची एरवी महिनाभरात बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावतात अशी नोंद आहे. तुमच्याच पट्ट्यातल्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात अशीच साथ आली होती, हजारो लोक आजारी पडले, माणसं गेली. अजून एक गोष्ट, विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागू शकतात. म्हणजे गल्लीतले ते दोघे बहुतेक महिन्याभरापूर्वीच्या पाण्याने आजारी पडलेत, मागच्या आठवड्यातल्या पिवळ्या पाण्याने नाही. म्हणून आज नळाला स्वच्छ पाणी दिसलं तरी निर्धास्त होता येत नाही, त्याच वेळी ते पाणी प्यालेले अजून काही जण लक्षणं दिसायच्या आधीच्या दिवसांत असू शकतात. तुमच्या भागातल्या आशाताईंना किंवा नागरी आरोग्य केंद्रात या दोन पेशंटची खबर गेलीय का ते उद्या विचारा, नसेल तर तुम्ही द्या. यात चुगली वगैरे काही नाही.

आता त्या सळ्यांच्या मशीनबद्दल, कारण तुमच्या घरातली निम्मी भीती तिथून आलीय असं मला वाटतं. या सदराआधी मी बरीच वर्षं पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम केलंय आणि हा प्रयोग बघून घाबरलेल्या किती बायका बाटल्या घेऊन आमच्याकडे आल्या त्याची गणती नाही. त्यात होतं असं की एक सळी लोखंडाची असते, पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज जाते, आणि वीज गेली की लोखंड झिजून त्याचा गंज पाण्यात उतरतो. तो तपकिरी गाळ सळीचा आहे ताई, तुमच्या पाण्यातला नाही. आरओच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात त्यामुळे वीज जवळजवळ जात नाही आणि ते पाणी तसंच स्वच्छ दिसतं. पुन्हा कोणी आला तर त्याच्या त्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ घालून परत सळ्या लावायला सांगा, तेही तसंच काळं होईल. हे सासूबाईंना समोर दाखवा, नुसतं सांगून पटणार नाही, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय ना. वरण नळाच्या पाण्यात शिजवायला काही हरकत नाही, शिजताना उकळतंच.

त्या मुलाने टीडीएस २४० म्हणजे फार जास्त असं सांगितलं म्हणून लिहिलंय तुम्ही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला धरलाय. २४० म्हणजे नदीचं नेहमीचं पाणी. आणि महत्त्वाचं म्हणजे टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. गटाराचं पाणी थोडं मिसळलं तरी आकडा २४० चा २५० होईल आणि मीटर हिरवा दिवा दाखवेल, पण त्या एका ग्लासाने माणूस आडवा होईल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ वापरू देऊ नये, कारण त्यात खूप पाणी वाया जातं. तुमच्याकडे दिवसाआड पाऊण तास पाणी, त्यातलं अर्ध्याहून जास्त मोरीत सोडणं मला पटत नाही. नणंदेच्या मिस्टरांना काळजी वाटते ते बरोबर आहे, पण त्यांच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं क्षाराचं पाणी येत असेल तर त्यांचा प्रश्न वेगळा आणि तुमचा वेगळा. तुमचा प्रश्न क्षारांचा नाही, जंतूंचा आहे. मशीन घ्यायचंच असेल तर युव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं) आणि युएफ (अगदी बारीक छिद्रांतून गाळणारं) असलेलं साधं घ्या, पण युव्हीला पाणी नितळ लागतं आणि लाइट लागते, पावसाळ्यात दोन्हीची खात्री नसते तेव्हा उकळायची सवय मोडू नका.

जारबद्दल पण बोलायला हवं. थंड आहे, चव गोड आहे, वास नाही, म्हणून ते शुद्ध वाटतं. पण सील नसलेला, लेबल नसलेला जार कुठून भरला, कधी धुतला हे तुम्हाला कुठे माहीत आहे? बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी मशीनमधून काढून गार करतात आणि भरतात, त्यात क्लोरीन काहीच नसतं, म्हणजे त्यानंतर एखादा घाणेरडा हात किंवा तोटी लागली तर जंतूंना अडवणारं काहीच नाही. जारवर अन्न परवान्याचा नंबर आणि तारीख आहे का बघा, नसेल तर महिन्याचे ९०० रुपये तुम्ही फक्त गारव्यासाठी देताय.

आणि आता वास. तुम्ही लिहिलंय "औषधाचा उग्र वास येतो त्या दिवशी आम्ही पाणी ओतून देतो". ताई, उलटं करताय. औषधाचा वास म्हणजे क्लोरीन, आणि शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायलाच हवं असं मानक आहे, कारण टाकीतून तुमच्या घरापर्यंत येताना वाटेत काही घाण शिरली तर तिच्याशी लढायला ते ठेवलेलं असतं. वाटेत घाण भेटली की क्लोरीन तिच्यावर खर्च होतं आणि नळाला वास येत नाही. म्हणून ज्या दिवशी काहीच वास नाही तो दिवस मला जास्त काळजीचा वाटतो. क्लोरीनचं पाणी उघड्या भांड्यात तासभर ठेवलं की वास बराच जातो. मातकट वास आला, विशेषतः उन्हाळ्यात, तर ते नदीतल्या शेवाळामुळे असतं, नकोसं वाटतं पण त्याने कावीळ होत नाही. पिवळट रंग बऱ्याचदा पाइपातल्या गंजाचा किंवा कुठे खोदकाम झाल्यावर आलेल्या मातीचा असतो. गटारासारखा, सडका वास आला तर मात्र ते पाणी प्यायचं नाही, साठवायचं नाही, आणि त्याच तासाला पाणीपुरवठा विभागाला फोन.

मग घाण शिरते कुठून? लोकांना वाटतं फिल्टर हाऊसमध्येच काम नीट होत नाही. होत असेल कुठे तसंही, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं आणि तुरटीचा डोस चुकला की गाळ राहतो आणि गाळाच्या आडून जंतू क्लोरीनपासून वाचतात. पण माझा अनुभव असा की बहुतेक वेळा बिघाड शेवटच्या काही फुटांत असतो. पाऊण तास पाणी येतं आणि मग पुढचे सत्तेचाळीस तास लाइन रिकामी. रिकाम्या लाइनला जिथे फट आहे तिथून आजूबाजूचं पाणी आत झिरपतं, आणि आपल्याकडे घरगुती कनेक्शनचे जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप सर्रास गटारातून ओढून नेलेले असतात, पंधरा-वीस वर्षांत ते गंजून चाळण होतात. त्यात पाणी सुटल्या सुटल्या गल्लीत सगळे मोटर लावतात, ती मोटर लाइनमधून पाणी खेचते आणि पाणी कमी पडलं की गटारातलं खेचते. तुमच्याकडे मोटर थेट नळाला लावलीय का? पत्रात नाही लिहिलंत, पण असेल तर काढा. हौदात पाणी पडू द्या आणि मोटर हौदातून वर चढवायला लावा. हौदाचं झाकण जमिनीच्या वर आहे का, मोरीचं पाणी त्याच्याकडे वाहतं का, गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, हे पण बघा.

चोवीस तास पाण्याची मागणी ऐकली की आपल्याला ती चैन वाटते. खरं तर लाइनमध्ये कायम दाब असला की फटीतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही, एवढा साधा हिशोब आहे. कराडजवळच्या मलकापूरने तर ते मीटर लावून दीड दशकापूर्वीच करून दाखवलं, आणि ओडिशातल्या पुरी शहराने २०२१ मध्ये थेट नळाचं पाणी प्या असं जाहीर केलं. ही काही मुंबई-दिल्लीसारखी शहरं नाहीत.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, नदीचं पाणी शुद्ध करून नळाने देणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्यांनी ती होताना पाहिलीय. पण ते जे पाणी प्याले तेव्हा लाइन नवीन होती, वस्ती कमी होती, घरोघरी संडासाचं पाणी गटारात येत नव्हतं. कधीतरी निवांत बसले असताना विचारा की बाबा तुम्ही किती भावंडं, आणि त्यातली मोठी किती झाली. त्या पिढीत जवळजवळ प्रत्येक घरात हगवणीने किंवा पटकीने गेलेलं एखादं मूल असायचं. त्यांना आठवेल. मग उकळलेल्या पाण्याला ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

सासूबाई फडक्याने गाळतात ते चालू ठेवा. बांगलादेशात जुन्या साडीची बऱ्याच पदरांची घडी करून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला होता, २००३ मध्ये तो अभ्यास छापून आला. फक्त काविळीचा विषाणू इतका बारीक असतो की कापडातून सहज जातो, तेव्हा गाळून मग उकळायचं. गॅसचा खर्च झेपत नसलेल्या घरांसाठी मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं औषध आरोग्य केंद्रात मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाकायचं आणि अर्धा तास थांबून प्यायचं.

आता तपासणी. आधी आशाताईंना किंवा पाणीपुरवठ्याच्या माणसाला सांगा की आमच्या नळावर क्लोरोस्कोप (पाण्यातलं क्लोरीन बघायचं छोटं किट) घेऊन या, ओटी टेस्ट समोर करा. ओटीच्या औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर नाही, दोन मिनिटांत कळतं. दुसरी एच टू एस ची बाटली असते, त्यात पाणी भरून घरात ठेवायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळं झालं तर बहुधा मैला मिसळलाय. आणि पक्का रिपोर्ट हवा तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅब जिल्ह्याला आणि काही तालुक्यांना आहेत, फी भरून खासगी नमुना तपासून मिळतो. नमुन्याची बाटली लॅबमधूनच आणा, कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेला नमुना जंतूंच्या तपासणीला चालत नाही, तोटी पुसून ज्योतीने शेकून घ्यायची, बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. ई कोलाय हा मैल्यातून येणारा जंतू १०० मिलीलिटरमध्ये एकही चालत नाही, रिपोर्टमध्ये आधी तीच ओळ बघा.

पण एकाच नळाचा नमुना घेऊन थांबू नका. तुमच्या नळाचं पाणी सुटल्या सुटल्याचं आणि दहा मिनिटांनंतरचं, तुमच्या टाकीचं, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांच्या एकेका घरातलं, असं तपासा. सगळीकडे खराब आलं तर मेन लाइनला किंवा वर बिघाड आहे. फक्त तुमच्याकडे खराब आलं तर तुमचं कनेक्शन, आणि बहुतेक ठिकाणी फेरूलपासून (मेन लाइनला आपलं कनेक्शन जोडतात ती जागा) घरापर्यंतचा पाइप आपल्या खर्चाने बदलावा लागतो, तो एचडीपीई म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचा घ्या आणि गटाराच्या वरून न्या. नळ बरा आणि टाकी खराब आली तर टाकी धुवा, बाकी कोणाला बोलायची गरजच नाही. हे कळल्याशिवाय तक्रार केली की "तुमचाच पाइप खराब असेल" हे उत्तर ठरलेलं असतं.

मामेदिरांचं काय करायचं याचा मी दोन दिवस विचार केला. तुम्ही धरून चाललाय की तक्रार म्हणजे त्यांच्याविरुद्ध. पण त्यांच्या हातात ना फिल्टर हाऊस आहे ना व्हॉल्व्हमन, आणि त्यांनाही सभागृहात बोलायला काहीतरी कागद लागतो. त्यांच्याकडे आधी घरच्यासारखं जा, नमुन्यांचे रिपोर्ट आणि कुठल्या घराजवळ पाइप गटारात आहे त्याचा साधा नकाशा घेऊन जा, जाऊबाईंचं सांगा, त्यांची पण ती वहिनीच आहे ना. त्याच दिवशी गल्लीतल्या पंधरा-वीस सह्यांचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि आवक शिक्का मारून पोच घ्या. भाऊजींना आधीच सांगून ठेवा की अर्ज देतोय, म्हणजे त्यांना बाहेरून कळणार नाही. अर्जात फक्त "पाणी खराब येतं" असं लिहू नका, तारीख, वेळ, रंग, वास, पेशंटची संख्या (नावं नकोत), आणि मागणी स्पष्ट लिहा, की गल्लीतली गळती शोधा, रोज शेवटच्या नळाला क्लोरीन तपासा आणि ते आकडे लोकांना बघायला ठेवा. आठ-दहा दिवसांत हालचाल नाही झाली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून गेल्या तीन महिन्यांचे पाणी तपासणीचे रिपोर्ट मागा. इतकं करूनही ते नाराज झाले तर होतील थोडे दिवस. गल्लीतल्या तिसऱ्या माणसाला कावीळ झाल्यावर तुम्हाला जे वाटेल त्यापेक्षा ते सोसवेल.

आणि मावशी. तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं म्हणून ते मी जसंच्या तसं छापलं. उद्यापासून त्यांना त्याच पिंपातलं पाणी त्याच पेल्यातून द्या, त्याची घरात चर्चा पण करू नका, नुसतं सुरू करा. पण त्या तुमच्याकडे दोन तास असतात, बाकीचे बावीस तास त्यांच्या घरचं पाणी पितात. त्या राहतात ती वस्ती लाइनच्या शेवटाला असेल तर तिथे दाब सगळ्यात कमी, क्लोरीन सगळ्यात कमी, आणि अर्ज लिहायला वेळ असलेलं माणूस पण बहुधा कोणी नाही. नमुने घ्याल त्यात एक त्यांच्या नळाचा असू द्या, अर्जावर त्यांच्या गल्लीच्या पण सह्या असू द्या. एक मेडिक्लोरची बाटली त्यांच्यासाठी मागून आणा आणि किती थेंब ते एकदा समोर दाखवा, बाटलीवरची अक्षरं फार बारीक असतात. पाणी कधी सुटतं त्यांच्याकडे ते विचारून घ्या, त्या वेळी त्या कदाचित तुमच्याच घरी भांडी घासत असतील, तर त्या दिवशी त्यांना उशिरा यायला सांगा आणि बाटली घेऊन तुम्हीच तिकडे जा.